दुसऱ्या रिंगला

१८ ऑगस्ट २००८, सोमवार

तीनशे बारा. एका दिवसात तीनशे बारा मेसेज! संध्याकाळी जेवायच्या आधी मोजले. जेवताना आणखी पाच आले, ते धरलेले नाहीत.

डेअरीच्या सर्व्हरला माझा नंबर जोडला तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता. आमचे मॅनेजर गोरखभाऊ म्हणाले होते, 'हर्षाली, अकरा केंद्रांचं दूध आता तुझ्या खिशात.' आता तो खिसा दिवसभर थरथरतो. पिंपरी पेंढारची इंटरनेटची लाइन गेली. पिंपरी पेंढारची लाइन आली. आण्याची, आमच्याच गावची, गेली. उदापूरची बॅटरी उतरली. उदापूरची बॅटरी ठीक आहे. अरे, ठीक आहे तर सांगता कशाला?

घरमालकीण कस्तुरबाई म्हणतात, तुझ्या फोनला खोकला झालाय, त्याला सुंठ दे.

२० ऑगस्ट, बुधवार

व्हायचं ते झालं. सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा मेसेज काल दुपारी आला होता. एकदा नाही, तीनदा. 'लाइन गेली, लाइन आली'च्या गर्दीत मी तिन्ही वेळा अंगठ्याने पुढे ढकलला. आज सकाळी सगळ्या केंद्रांवर दूध मोजलं, फॅट लागली, आणि सर्व्हरवर एकही नोंद चढली नाही. ओतूरच्या केंद्रावर मी स्वतः उभी राहून वहीत लिहून घेतलं. बायका किटल्या धरून ताटकळल्या. एकीने विचारलं, 'कम्प्युटर आजारी हाय का?' हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

गोरखभाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, 'दसऱ्यापर्यंत हे मेसेज ताब्यात आण. न्हाईतर अमृतकडं देऊ ते काम.' अमृत म्हणजे प्रिंटर अडला की त्याला थापड मारणारा! त्याच्याकडे माझा सर्व्हर? मुळीच नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

त्यात आईचे मिस्ड कॉल. सकाळी सात, दुपारी बारा, चार, संध्याकाळी सात. मधेच एखादा जादा. मी दुसऱ्या रिंगला कट करते. उचलला तर तिचा बॅलन्स जाणार, म्हणून हातालाच सवय लागली आहे. मग आठ वाजता मी लावते.

'कशाला केला होतास?'

'काय न्हाई. सहज.'

चार-चार वेळा सहज!

बाबा गेल्यापासून हे सुरू झालं. गेल्या वर्षी बाजरीच्या कापणीत, भर दुपारी, वावरातच छातीत कळ आली आणि संपलं. मी तेव्हा पुण्यात ट्रेनिंगला होते. आण्याच्या केंद्रावरच्या सावळारामला ते बांधावर सापडले. खिशात त्यांचा मोबाइल होता, तोच आता आई वापरते. तिला आकडे वाचता येत नाहीत. दोनचं बटण दाबून धरलं की मला लागतो, एवढं मी शिकवून ठेवलंय. चांगलं शिकली! आता बटणाला उसंत नाही.

असं लिहू नये. एकटी असते बिचारी.

२७ ऑगस्ट, बुधवार

आठवड्याचे सगळे मेसेज छापून घरी आणले. कागदाची घडी उलगडली तर खोलीभर पसरली. कस्तुरबाई दारातून म्हणाल्या, 'लग्नाची यादी करतेस काय?' मी लाल पेन घेऊन मधोमध बसलेली.

बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. ओतूरची मुख्य लाइन पडली की मागची अकराही केंद्रं दिसेनाशी होतात, आणि प्रत्येक केंद्राचे चार-चार मेसेज येतात. म्हणजे दुखणं एक आणि बोंब चव्वेचाळीस जणांची. तेव्हा नियम पहिला: मुख्य लाइन गेली तर तिचा एकच मेसेज, बाकीच्यांनी गप्प बसायचं. नियम दुसरा: लाइन दहा मिनिटांत परत आली तर मला सांगायचंच नाही. नियम तिसरा: 'ठीक आहे' हा मेसेज बंद.

डिस्क, बॅटरी आणि दुधाच्या टाकीचं तापमान यांना मात्र वेगळी रिंग. ती वाजली की ताटावरून उठायचं.

१ सप्टेंबर, सोमवार

आण्याची लाइन रोज दुपारी एकला जाते आणि दीडला येते. लोडशेडिंग म्हणावं तर तिथलं लोडशेडिंग सकाळी. मी तीन महिने लाइनवाल्यांच्या मागे लागले होते. आज सावळारामलाच फोन केला.

'मीच बंद करतो, ताई. लई तापतंय वो ते मोडेम. बैलाला बी दुपारचं सोडतोच की आपण.'

मोडेम थकत नाही, हे मी त्याला तीन प्रकारे सांगितलं. पटलं नाही. मग विचारलं, ठेवलाय कसा? तर धूळ बसू नये म्हणून त्याने वर गोणपाट टाकलंय, दुहेरी घडी! तापेल नाही तर काय? गोणपाट काढायला लावलं. 'उघडंच ठेवायचं का?' असं त्याने इतक्या काळजीने विचारलं की मला हसता येईना.

७ सप्टेंबर, रविवार

गौरीसाठी दोन दिवस घरी. पठारावर यंदा बाजरी बरी आहे. आईने पुरणपोळ्या केल्या, बाबांच्या आवडीच्या, आणि माझ्या पानात चार वाढल्या.

रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात येते. आईने तिथे पाट मांडून ठेवलाय. फोन बाबांच्या रुमालात गुंडाळलेला असतो. बारा वाजले तशी ती उठली, रुमाल सोडला, दोनचं बटण दाबलं. माझा फोन शेजारच्याच खिडकीत वाजला. मी म्हटलं, 'आई, मी इथेच आहे की!' ती लाजली. 'व्हय की. हाताला सवय.'

त्या कोपऱ्यावरून आठवलं. आपला जुना घरचा फोन तिथंच आत, खिडकीशी होता. भाकरी झाली की आई त्यावरचं बाबांनी दाखवलेलं एकच बटण दाबून त्यांना वावरात मिस्ड कॉल द्यायची. तो फोन आता काढून टाकलाय.

तिला म्हटलं, चल ओतूरला माझ्याकडे. म्हणाली, 'अन् शेळ्या?' विषय संपला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज नऊ मेसेज. फक्त नऊ, आणि नऊच्या नऊ कामाचे! मढच्या टाकीचं तापमान चढत होतं, दहा मिनिटांत माणूस पोचला, दूध वाचलं. गोरखभाऊंनी सगळ्यांना चहा पाजला आणि विचारलं, 'हे केलंस कसं पोरी?'

मी ऐटीत सांगितलं. सर्व्हर दर पाच मिनिटांनी प्रत्येक केंद्राला विचारतो, आहेस का? केंद्र म्हणतं, आहे. आहे म्हणतंय तोवर मला उठवायचं नाही. उत्तर आलं नाही तरच उठवायचं.

'म्हंजे बोलतंय त्याची काळजी न्हाई, गप्प झालं त्याची काळजी,' गोरखभाऊ म्हणाले. अगदी तेच.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज फोन सहाच वेळा वाजला. पैकी चार वेळा आईचा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

संचालक मंडळापुढे मला बोलायला उभं केलं होतं. खोली गच्च, मी मेसेज कमी कसे केले ते सांगतेय, आणि नेमके बारा वाजले. फोन वाजला. कट केला. परत वाजला! कुणीतरी हसलं. एक संचालक म्हणाले, 'हा कुठल्या केंद्राचा?' कानशिलं तापली माझी.

आठ वाजता आईला नेहमीसारखा फोन केला. 'दोनदा का लावलास?' तर म्हणे, 'पयल्यांदा नीट कळलं न्हाई, कापला का आपोआप बंद झाला.' मला त्याचा अर्थ लागला नाही आणि मी विचारलाही नाही.

फोन ठेवल्यावर आईचा नंबर 'शांत' गटात टाकला. तिची रिंग आता वाजणार नाही, थरथरणारही नाही. रोज ठरल्या वेळी येणारं, ज्यात नवं काही नाही, ते गप्प करायचं. सर्व्हरला लावला तोच नियम. आठला मी बोलतेच ना रोज! त्यात कमी करणार नाही.

तरी थोडं लागलं मनाला. लागलं ते लिहून ठेवते.

१७ सप्टेंबर, बुधवार

आई आली.

तीन वाजता ऑफिसच्या दारात उभी. हातात पिशवी नाही. माझी आई शेजारी गेली तरी मूठभर शेंगा घेऊन जाते, ती आण्याहून ओतूरला रिकाम्या हाताने आली. बोटांवर बाजरीचं पीठ वाळलेलं. सावळारामच्या गाडीवर घाट उतरून आळेफाटा, तिथून एसटी.

माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग पुढे येऊन त्याच पिठाच्या हाताने माझा गाल धरला. सगळं ऑफिस बघतंय. नंतर बाकावर बसली आणि पाणी मागितलं. तांब्याभर प्यायली.

'काय झालं आई?'

'काय न्हाई. आले सहज.'

फोन बघितला तर अकरा मिस्ड कॉल. सकाळी सातपासूनचे. मला लाज वाटली आणि त्या लाजेचाच राग आला. 'मी आठला करणारच होते ना गं! एवढं काय? ऑफिसच्या नंबरावर लावायला सांगायचं सावळारामला.'

'तो म्हणत व्हता, लावतो. मीच नको म्हणलं. फोनवर खरं-खोटं मला कळायचं न्हाई.' मग म्हणाली, 'मीच उतावळी.'

कस्तुरबाईंनी तिला आपल्या हाताने मुगाची खिचडी वाढली. आई माझ्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून लगेच झोपली, दिवे लागायच्या आत. मी तिचे हात ओल्या फडक्याने पुसले. जागी झाली नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आई दिवसभर ऑफिसच्या बाकावर बसून होती. गोरखभाऊंनी तिला सर्व्हर दाखवला. तिने बराच वेळ ते हिरवे दिवे बघितले आणि विचारलं, 'हिरवा म्हंजे बरं हाय न्हवं?'

शेळ्या सावळारामच्या घरी आहेत. उद्या जाणार म्हणते. मी तिचा नंबर अजून त्या गटातून काढला नाही. तिला एवढं एकटं वाटतं तर रोज दोनदा फोन करीन, असं ठरवलंय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळच्या एसटीला आईला बसवलं. खिडकीतून म्हणाली, 'एक ऐकशील? उचलू नको. पर कापत जा.'

मी म्हटलं, बरं. मग ती समोरच्या दांड्याकडे बघत बोलली. बाबांना भाकरीची रिंग दिली की ते रोज दुसऱ्या रिंगला कापायचे. म्हणजे निघालो. 'त्या दिशी कापला न्हाई. सगळी रिंग वाजली. तीनदा लावला, तीनदा सगळी वाजली. मी म्हणलं, वारा असंल, ऐकू येत नसंल. अन् भाकर झाकून बसून राह्यले.' गाडी सुटली.

वर्षभर मला वाटत होतं आई मला काहीतरी कळवतेय. ती विचारत होती. आणि उत्तर मी देत होते, मला माहीत नसताना.

स्टँडवरच उभं राहून तिचा नंबर गटातून काढला. बारा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. दुसऱ्या रिंगला कापला.