पाव्हण्याला आधी

प्रिय बा,

लिहिणार नव्हते. पण काल तुझं कासव चिखलातून वर आलं आणि खड्ड्याच्या काठाशी तुझी वाट बघत बसलं. आई म्हणाली, "तू शिकलेली, तूच सांग त्याला."

मी सातवीत होते तेव्हा लावणीच्या चिखलात तुला ते सापडलं, बाटलीच्या झाकणाहून जरासं मोठं. नाव ठेवलंस पाव्हणा. करवंटी पुरेना म्हणून टोपात, टोप पुरेना म्हणून आईच्या परातीत, शेवटी पडवीमागे त्याच्यासाठी खड्डाच खणलास. तो टोपात मावेना, हे खोडाळ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटलास. मी आठवीत गेले, ते कुणाला सांगितलंस?

खेकडे मी पकडायचे. मऊ गर त्याला, नांग्या मला.

"बा, मी पण जेवते ना?"

"पाव्हण्याला आधी."

उन्हाळ्यात तो मातीखाली निजायचा. विहीर आटलेली, आई आणि मी टेकडी उतरून पाणी आणायचो. त्यातला एक हंडा तू त्याच्यावरच्या मातीवर ओतायचास, ती तडकू नये म्हणून. मी केस धुवायला पाणी मागितलं की हातात तांब्या द्यायचास. तांब्याभर पाण्यात कुणाचे केस धुऊन होतात, बा?

जव्हारहून बीएचा निकाल घेऊन आले, घरातली पहिली पदवी. तू खड्ड्यापाशी बसलेला. म्हणालास, "ये, बघ, कसा हातून खातो." मी चिडले. "कासव पाळणं गुन्हा आहे. वनखात्याचे लोक धरून नेतील तुला."

"मी कठं पाळलाय? खड्ड्याला कुंपण हाय का? जायचा तं जाईल." मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "तो नाय गेला. तू गेलीस हॉस्टेलला."

पण मला धाडलं कुणी होतं? तूच ना?

काल मी तुझ्यासारखाच दगडावर विळा वाजवला. तो आला. मान लांब करून माझी बोटं हुंगली, हातातला खेकडा तसाच ठेवला आणि फिरला. आई हसली, "तुला नाय वळखत."

मग मी सांगितलं, "बा नाही आता." त्याने मान आत घेतली.

तू गेलास तेव्हा तो मातीखाली होता. म्हणजे काल वर येईपर्यंत त्याच्यासाठी तू घरातच होतास. मला तसा एक दिवसही मिळाला नाही. इथेही त्यालाच जास्त दिलंस.

खड्ड्याला मी कुंपण घालणार नाही. ओढ्याला जायचं तर खुशाल जाऊ दे. पण राहिला, तर येत्या उन्हाळ्यात त्याच्या मातीवर हंडा पडेल, माझ्या डोक्यावरून आलेला. शब्द देते. फक्त आधी मी केस धुणार.

पाव्हण्याच्याही आधीपासून तुझी,
सुमन