पायात बूट, अंगावर चादर

खडकी, पुणे

ती. ताईस,

धाकट्या चंद्रभागेचा सप्रेम जयभीम. तुझी साखर आटोक्यात आहे ना? माझी विचारपूस करू नकोस, ती इथे अख्खी खडकी करते आहे.

कॅन्सरची केमो चालू आहे आणि डॉक्टरबाईंनी रोज चालायला सांगितलंय. नुसतं पडून राहिलात तर थकवा उलट वाढेल, म्हणाल्या. (आमच्या ह्यांनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन माझ्या पलंगावर नवी गादी टाकली.) सुनेने बूट आणून दिले, पण चालू कधी? रोज कुणीतरी शहाळं घेऊन भेटायला येतं, आणि भेटायला येणाऱ्याला पेशंट आडवा लागतो. मी उभी दिसले की त्यांचा चेहराच उतरतो, एवढ्या लांबून आलो आणि ही तर ठणठणीत! म्हणून बेल वाजली की मी पलंगावर. दिवसाकाठी खरा व्यायाम तेवढाच.

परवा निघतच होते, तेवढ्यात दशरथभाऊजी सहकुटुंब हजर. बूट काढायला वेळ कुठला? तशीच चादरीत शिरले. जाऊबाईंनी मायेने पायांवरची चादर सारखी केली आणि किंचाळल्याच. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, औषध डोक्यात गेलं, बाई बूट घालून झोपते. आता शहाळी दुप्पट.

शेवटी चिडून बाहेर पडले, तर हे मागून प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन. मी जरा थांबले की स्टूल पुढे. (बसतात तेच. दमतात बिचारे.) सगळे जपतात गं, पण मला तुझी फार आठवण येते. मंडईत तू तरातरा पुढे जायचीस, वळूनसुद्धा बघायची नाहीस, आणि मी पिशव्या सांभाळत, तुझ्या नावाने खडे फोडत पळत यायचे. तसं मला आता कुणी पळवत नाही.

बाकी सर्व ठीक. एवढ्यासाठी नांदेडहून यायची दगदग करू नकोस.

तुझी,
चंद्रा

ता. क. : ये. शहाळं आणू नकोस.

ता. क. दुसरा : व्हिडिओ कॉलला रेंज नाही म्हणायचे, ते खोटं होतं. केस गेलेत सगळे, तुला दाखवायचा धीर होत नव्हता. काय रडायचं ते पुणे स्टेशनातच रडून घे. मग चालायला लाग, मी येते मागून.