तळ्यापाशी खणायला मनाई

बाबा, आज तळ्याच्या पार्कात सात-आठ माणसं मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होती. अगदी उघड, पिवळी जॅकेट्स घालून. गेटवर कौन्सिलच्या परवानगीचा कागदही लावला होता. तुम्ही असतात तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचूनच आत गेला असतात. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि हा कागद आत्ता लागतोय.

तुम्ही रिटायर झालात आणि महिन्याभरात ते मशीन घरी आलं. आईला वाटलं, नवा व्हॅक्यूम क्लीनर. मी म्हटलं, "बाबा, मिल्टन कीन्समध्ये कसली जुनी नाणी? अख्खं शहर तुमच्यापेक्षा लहान आहे." तुम्ही म्हणालात, "शहर नवं असेल गं, जमीन काय कौन्सिलने बाहेरून आणून टाकली?" दर मंगळवारी सकाळी तुम्ही निघायचात. इस्त्रीची पँट, माकडटोपी, टोपीवर हेडफोन, आणि हातात आईचं मेथीच्या वाफ्यातलं खुरपं. चाळीस वर्षं लोकांना ऑपरेशनआधी भूल देणारा माणूस गुडघे टेकून कॅनची झाकणं उकरत बसायचा, आणि खूश असायचा.

हा नाद लावला शेजारच्या रिटायर्ड इंग्रज पोस्टमननी. एकदा खरंच जुनी पेनी सापडली, राणीचं डोकं असलेली, काळीठिक्कर. मी किचनमध्ये चहा गाळतेय, तुम्ही त्यांना कुंपणावरून हाका मारताय, आणि तेवढ्यात आई ती पेनी देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासून मोकळी होते. ते आत येतात, लखलखीत पेनी बघतात आणि डोकं धरून खुर्चीत बसतात. जुनं नाणं घासायचं नसतं म्हणे, त्याची वाट लागते. मग तुम्ही दोघं असे हसत सुटता की आईही रागवायचं विसरते. त्या वयात तुम्हाला नवा मित्र मिळाला होता, एवढं मलाही दिसत होतं.

मला तेव्हा नुकतंच टीम लीड केलं होतं. एका मंगळवारी नव्या मॅनेजरबरोबर मी त्या पार्कातून रेडवेच्या लाल पायवाटेने ऑफिसकडे चालले होते. तळ्यापाशी तुम्ही गुडघ्यांवर बसला होतात, आमच्याकडे पाठ. ती म्हणाली, "बिचारा, काय शोधतोय कोण जाणे. ह्याच्याकडे बघायला घरी कुणी आहे की नाही?" आणि मी हसले. वडील आहेत माझे, एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. दुपारी कार पार्कमध्ये बसून मी कौन्सिलला फोन लावला. जागा सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली. नाव विचारलं तेव्हा म्हटलं, नाव द्यायचं नाहीये.

पुढच्या मंगळवारी तुम्ही लवकर घरी आलात. जेवताना म्हणालात, "माणूस फार सभ्य होता. परवानगीशिवाय खणायचं नाही, असा नियम आहे म्हणाला. चूक माझीच. पण कळवलं कुणी? वार-वेळ घराबाहेर एकालाच माहीत होती." आई म्हणाली, "अहो, काहीतरीच काय! ते कशाला असं करतील?" मी आमटी वाढून घेतली.

मशीन गॅरेजमध्ये गेलं. शेजाऱ्यांनी दिलेले टोमॅटो तुम्ही आईच्या हाती परत पाठवलेत. तीन वर्षं, म्हणजे शेवटपर्यंत, तुम्ही त्यांना साधं गुड मॉर्निंगही म्हटलं नाहीत. तुमच्या अंत्यविधीला ते मागच्या रांगेत उभे होते, टाय लावून.

आई गेल्यावर मी इथेच राहायला आले. ते अजून शेजारीच आहेत, नव्वदी ओलांडली, वॉकर घेऊन चालतात. आज पार्कातून परतले तर दारातच होते. म्हणाले, "तिथे डिटेक्टरवाले आलेत, ऐकलं. तुझ्या वडिलांचं मी काय बिघडवलं होतं गं? इतकी वर्षं विचारीन म्हणतोय." सांगायची वेळ ह्याहून चांगली आली नसती. पण मी म्हणाले, "शेवटी शेवटी बाबांना नीट आठवत नसे हो. मनाला लावून घेऊ नका." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरेरे, आधी कळायला हवं होतं," म्हणाले, आणि माझा हात थोपटला.

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही वॉर्डात पडल्या पडल्या सगळ्या मावश्यांचे फोन नंबर तोंडपाठ म्हणून दाखवले होतेत. लाज वाटते मला, बाबा. तेव्हा पार्कातल्या माणसाची वाटली, आता स्वतःची वाटते. हे सगळं खरं तर त्यांना सांगायला हवं. त्यांचं दार इथून दहा पावलांवर आहे, आणि ते हयात आहेत. तरी मी तुम्हाला लिहितेय, आणि मराठीत लिहितेय, म्हणजे चुकून कागद त्यांच्या हाती पडलाच तरी त्यांना त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.