तांदळाच्या डब्यातलं कार्ड

गाझीपूर

मकसूद, पोरीला कपडे शिवायच्या कारखान्यात धाडलंस तू आणि तिची बोलणी खातेय मी. असो. मी ठणठणीत आहे, सगळ्यांना दुवा.

कारखान्याच्या खांबाला तडा गेलाय. सुपरवायझर म्हणतो, "भीती वाटते तर घरी बसा. ऑर्डर व्हिएतनामला जाईल." जाऊ दे की! तिथल्या बायकांना काय हात नाहीत?

जुलेखाचं गेटवरचं कार्ड मी तांदळात पुरून ठेवलंय. त्याशिवाय आत सोडत नाहीत. ती घर उलथंपालथं करतेय. "दादी, नोकरी गेली तर खायचं काय?" म्हणते. मी म्हटलं, "आधी खायला जिवंत राहा."

सुनेचा खोकला थांबला का?

डब्यातले तांदूळ तळाला गेलेत, कार्ड आता दिसेलच. पोरीला न्यायला कधी येतोस ते कळव. उत्तर तूच द्यायचं, सुनेला पुढे करायचं नाही.

तुझी आई