अवघड बोला, डॉक्टर

सालिनास, कॅलिफोर्निया
१७ ऑक्टोबर

प्रिय एदुविहेसताई,

चौदा वर्षांनी आलेलं पत्र पाहून तू आधी कपाळाला हात लावशील, मग चष्मा शोधशील. पाद्री व्हायचं शिक्षण अर्धवट टाकून मी लग्न केलं, त्याचा राग अजून ताजा असेल तर आधी कॉफी करून घे. इकडील सर्व क्षेम. शेतातला लेट्यूसचा हंगाम संपत आला. माझी लेक नयेली बारा वर्षांची झाली. तिची आई जाऊन चार वर्षं झाली, हे तुझ्या कानावर असेलच.

सध्या मी विद्यार्थी आहे. संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शब्दसंग्रह वाढवतो. बाई म्हणतात, "मोठ्या शब्दांना भिऊ नका, ते तुमचेच नातेवाईक." खरं आहे गं. लॅटिनमधून आलेले लांबलचक शब्द आपल्या स्पॅनिशमध्ये आहेत तसेच इथेही. नुसती शेपटी बदलायची. आठवड्यात चारशे केले. छळतात ते इवलेसे, घरगुती शब्द. गाठ, कळ, सूज. त्यांतला एकही ओळख दाखवत नाही.

या वयात ही हौस कशाला, म्हणशील. दवाखान्यात आजवर नयेलीच माझी दुभाषी. डॉक्टरचं मला सांगायचं, माझं डॉक्टरला, आणि वर स्वतःचा शेरा: "गोळ्या घेतो म्हणतात, पण घेत नाहीत." मंगळवारी तपासणीचा निकाल होता. तो तिच्या तोंडून यावा, हे मला सोसणार नव्हतं.

डॉक्टर भला माणूस. माझ्यासाठी सोपं सोपं बोलू लागला. नयेलीने तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणालो, "डॉक्टर, कृपया अवघड बोला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. समजला. पुढची दहा मिनिटं आम्ही सभेतल्या पंडितांसारखे बोललो. यकृतातील अर्बुद, दुय्यम प्रसार, अनुमानित कालावधी. मला शब्द न् शब्द कळला. तिला एकही नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाला?"

"मीठ कमी करा म्हणाला."

"दहा मिनिटं मीठ?"

"विद्वान आहे तो."

ती हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी तुमच्यासाठी कधी एक शब्दही बदलला नाही, बाबा."

ताई, आज तिसरा दिवस, आम्ही जेवणापुरतंच बोलतो. पुढचा उन्हाळा मला दिसणार नाही. डिसेंबरात तिला घेऊन येतो. ठेवून घेशील का, एवढं कळव. तिला खरं सांगायला मी बसेन, तेव्हा ती लगेच "मग पुढे?" असं विचारेल. सवयच आहे तिला. तेवढं एक उत्तर माझ्याजवळ नाही.

ते तुझ्याकडून येईपर्यंत पोरीची नजर चुकवणारा,
एवारिस्तो