सेनापतीची कळशी

सेनापती बकुळाबाईंना मुजरा.

काल संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तुला बायकांच्या पुढे चालताना पाहिलं. लहानपणी आपण चाळीच्या जिन्यात बसून मनातल्या मनात रचलेल्या बेटाची फौजच वाटली ती! तिथे राज्य बायकांचं, लढाईही बायकांची. पुरुषांनी घरी भाकऱ्या थापायच्या. फौजेत फक्त एका पुरुषाला जागा, सेनापतीच्या मागे पाण्याची कळशी घेऊन. ती जागा माझी होती, बकुळे.

काल तुझ्या मागे कळशी होती ती त्या मनमोहनच्या खांद्यावर. कुणी तरी ओरडलं, "काय रे पाणक्या, दमलास?" तर हा गडी हसला. हसतो चांगला, तेही मला सोसलं नाही.

मी दोन वर्षं भटकलो, कबूल. वडाळ्याच्या मिठागरात मीठ ओढलं, शिवडीला जहाजं बघत बसलो. एक तर अख्खं खजुराने भरलेलं... ते जाऊ दे. आपलं बेट तू त्याला सांगितलंस का? एवढंच खुपतंय.

सेनापतीने हाक मारल्याशिवाय पुरुषाने बोलायचं नाही, हा बेटाचा कायदा मीच केला होता. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या मोर्चा डिलाईल रोडवरून जाईल, तेव्हा नळापाशी भरली कळशी घेऊन उभा असेन.

हाक मार.

तुझा जुना पाणक्या,
भिवा