रानडुकराचं तोंड काठीकडे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी शांत माणूस आहे.

ग्रामसभेचा निर्णय: जूनमध्ये आमच्या एबर्सलोह गावाला सातशे वर्षं होतात. जुना झेंडा कसरीने खाल्ला. नवा करायचा. पिवळ्यावर काळं रानडुक्कर, गावाचं पूर्वापार चिन्ह. चित्र मी काढणार आणि मिरवणुकीत झेंडाही मीच धरणार. वडिलांनी चोवीस वर्षं धरला. त्यांचे पांढरे हातमोजे कपाटातून काढून घालून बघितले. डोळे भरून आले. लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

सरपंचबाई डोसो यांची अट: बावीस जूनपर्यंत एकही मारामारी नाही. झाली तर झेंडा स्टुब्बेकडे. स्टुब्बे म्हणजे आमचा बारवाला. झेंडा ट्रेसारखा आडवा धरेल.

मी म्हटलं, बाई, माझा स्वभाव मूळचाच थंड आहे. सभा का हसली कळलं नाही.

८ मार्च, शनिवार
स्टुब्बेच्या नाकावर बिअरचा मग बसला. मारला असं म्हणता येणार नाही. मग माझ्या हातात होता, नाक वाटेत आलं. तो म्हणाला होता, "फोल्कमार, रानडुकराचं चित्र काढायला तुला नमुना कशाला हवाय? आरसा बघ की." यावर थंड माणसाने तरी काय करावं? पुढे एक स्टूल मोडलं. ते आधीपासून डुगडुगत होतं.

नाक मोडलंय म्हणतात. पण सरपंचबाईंना त्याने जिन्यावरून पडलो असं सांगितलं. घाबरला. मला मात्र बारबंदी. "मी जिवंत आहे तोवर आत पाऊल टाकायचं नाहीस," म्हणाला.

इर्मगार्ट (बायको) म्हणाली, "पाच दिवस टिकलास. मी तीन धरले होते." बायकोचा विश्वास असावा तो असा.

२१ मार्च, शुक्रवार
अडचण. गावाच्या चिन्हाचं गावातलं एकमेव जुनं चित्र आहे स्टुब्बेच्या बारच्या खिडकीत, रंगीत काचेवर. सरपंचबाई म्हणाल्या, जिल्ह्याच्या दप्तरात मूळ कागद आहे, पत्र टाका, आठ आठवडे लागतील. पत्र कशाला? त्या डुकराला मी लहानपणापासून ओळखतो. तीस वर्षं माझी खुर्ची त्याच खिडकीखाली, काचेला पाठ टेकून.

आणि बंदी आत जायला आहे, बाहेर उभं राहायला नाही. बिअरच्या क्रेटवर चढलो, बाहेरून काचेला बटर पेपर लावला आणि सुळ्यापासून शेपटीपर्यंत गिरवून घेतलं. काम फर्स्ट क्लास.

आतून स्टुब्बे नाकाला पट्टी लावून बघत होता. खिडकीपाशी आला आणि बोट गोल गोल फिरवायला लागला. मला वेडा म्हणतो. मी मूठ दाखवली. गेला. मूठ नुसती दाखवली, हे नोंदवून ठेवतो. प्रगती आहे.

१२ एप्रिल, शनिवार
शेजारच्या हानेनरोडा गावात नव्या अग्निशमन बंबाचा समारंभ. त्यांच्या झेंड्यावर कोंबडा. झेंडा धरला होता ओर्टविन पागेलने. धंद्याने खाटीक, दारात मावत नाही. बघतो तर कोंबड्याची शेपटी काठीकडे, तोंड बाहेर.

मला राहवेना. माईक घेतला आणि चांगल्या मनाने समजावलं: झेंडा घेऊन चालताना काठी पुढे असते, कापड मागे. म्हणून प्राण्याचं तोंड कायम काठीकडे हवं, शत्रूकडे. काठीला पाठ केलेला प्राणी पळपुटा. तुमचा कोंबडा पळतोय, मंडळी.

पागेलला ज्ञान सोसलं नाही. त्याने झेंडा बायकोकडे दिला, बाह्या वर केल्या आणि मला सॉसेज भाजायच्या जाळीवर आडवा केला. मी बाक उचलला. मग त्यांचा बँडमास्तर ट्रॉम्बोन घेऊन मध्ये पडला. ट्रॉम्बोन आता सरळ होणार नाही.

हिशेब: माझ्या दोन बरगड्या, पाठीवर जाळीचे चट्टे. पागेलचे पुढचे दोन दात. दात दिसतात, बरगड्या दिसत नाहीत, म्हणजे जिंकलो मीच. सरपंचबाई म्हणाल्या, ही मारामारी गावाच्या हद्दीबाहेर झाली म्हणून धरत नाही, पण आता शेवटचं.

पागेल दात रुमालात बांधून जवळ आला. "बावीस जूनला आम्ही अख्खं गाव येतोय," म्हणाला, "तुझं डुक्कर बघायला." शिकवलं की लोकांना गोडी लागते ती अशी.

३० मे, शुक्रवार
झेंडा छापून आला. भारी कापड, छपाई आरपार, एका कडेला काठीत ओवायच्या पितळी कड्या. उलगडला मात्र नाही. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडल्याशिवाय नवा झेंडा उघडायचा नाही, हा वडिलांचा नियम. गुंडाळलेलाच काठीवर चढवला.

इर्मगार्ट शिवणकाम करते, तिला शिवण बघायची होती. बघू दिली नाही. मग म्हणाली, "निदान तोंड कुठल्या बाजूला आहे ते तरी बघ." म्हटलं, जिथे असायला हवं तिथेच आहे. ज्या माणसाने दोन गावांना नियम शिकवला त्याला हे विचारायचं?

"बरं," म्हणाली, "मी शिवणाचा डबा बरोबर घेते."

१४ जून, शनिवार
राग आला की दहापर्यंत मोजायची प्रॅक्टिस. पोस्टमनने विचारलं, बरगड्या कशा आहेत. चारपर्यंत मोजलं. त्याची सायकल दुरुस्त करून देणार आहे.

२२ जून, रविवार, सकाळी सहा
हातमोजे पांढरेशुभ्र. मन शांत. आज वडील असायला हवे होते.

२३ जून, सोमवार. हॉस्पिटल. डाव्या हाताने.
उजवा मनगटापासून प्लास्टरमध्ये.

चौक भरलेला. हानेनरोडावाले पहिल्या रांगेत. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, मी दोरी सोडली, वारा आला. रानडुक्कर उलगडलं. शेपटी काठीकडे, तोंड बाहेर, चारही पायांनी एबर्सलोह सोडून पळत सुटलेलं.

मग पागेल दोन नव्या दातांनी हसला आणि माझंच वाक्य माझ्याच आवाजात म्हणाला: "तुमचं डुक्कर पळतंय, मंडळी."

दोनपर्यंत मोजलं. झेंडा इर्मगार्टच्या हातात दिला, एवढी शुद्ध होती. हातमोजे काढले, कारण रक्ताचे डाग निघत नाहीत. मग पागेलच्या जबड्यावर ठेवून दिली. त्याने माझं डोकं बिअरच्या पिंपावर आपटलं. हानेनरोडा उठलं, आपलं गाव उठलं. बाक, काठ्या, केकची ताटं. बँडमास्तर नवा ट्रॉम्बोन पोटाशी धरून पळाला. मी पागेलला स्टुब्बेच्या खिडकीतून आत घातला. त्याच खिडकीतून. सातशे वर्षांच्या गावाचं एकमेव डुक्कर काचांचा ढीग होऊन पडलं.

शेवटी स्टुब्बेने मला खाली पाडलं आणि छातीवर बसला. एकदाही मारलं नाही. वाकडं नाक माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाला, "अरे गाढवा, काच आतून बघायची असते. बोट फिरवून सांगत होतो, कागद उलटा कर, कागद उलटा कर."

मी मान वळवून खिडकीकडे बघितलं: आत-बाहेर असं तिथे काही उरलंच नव्हतं.

अँब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हा सरपंचबाई स्टुब्बेला म्हणाल्या, ठरल्याप्रमाणे झेंडा तू धर. तो म्हणाला, मी नाही, जिने नीट केला तिने धरावा. तेव्हा मला दिसलं. हाणामारी चालू असताना इर्मगार्टने चर्चच्या पायरीवर बसून कड्या उसवल्या होत्या आणि दुसऱ्या कडेला शिवल्या होत्या. बस्स. दहा मिनिटांचं काम.

दार बंद झालं. मागच्या काचेतून मिरवणूक दिसत होती. पुढे इर्मगार्ट, हातात वडिलांचे हातमोजे, तिला जरा मोठे होत होते. डुकराचं तोंड बरोबर काठीकडे. मागे सगळं गाव आणि पट्ट्या बांधलेलं हानेनरोडासुद्धा. उलट्या दिशेने जात होतो तो मी एकटाच.